गळ्याच्या मापाची साखर

हलव्याचे दागिने करायला बसताना आधी हातात घ्यायची ती साखर नव्हे, शिंप्याची टेप. बाजारातल्या तयार संचाला मागे हातभर रिबीन असते, कारण तो कोणाच्याही गळ्यात घालता यावा लागतो. मग हळदीकुंकवाच्या दिवशी चिंचपेटी गळ्याशी बसायची सोडून छातीवर उतरते, कंबरपट्टा निऱ्यांवरून घसरतो आणि बाळाचा मुकुट नाकावर येतो. पैसे वाचतील म्हणून घरी दागिने करायला जाऊ नये. वेळ धरला तर घरचा संच महागच पडतो. करायचा तो एवढ्यासाठी की तो एका माणसाचा असतो, एका वर्षाचा असतो आणि दुसऱ्या कोणाला नीट बसत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेचा संच, तिच्याबरोबर जावयाचा हार आणि नारळ, आणि बाळाच्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणाचे दागिने, असे हे तीन प्रसंग. काही घरी बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत दरवर्षी करतात. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला आली तरी कार्यक्रम रथसप्तमीपर्यंत कधीही होतो, त्यामुळे हाताशी थोडे जास्तीचे दिवस असतात. ते दागिन्यांच्या गुंफणीला वापरावेत, हलवा करण्याला नव्हे. हलवा डिसेंबरच्या अखेरीस, हवा कोरडी आणि गार असताना होऊन गेलेला बरा.

सुनेची मापं घ्यायची ती अशी: गळ्याचा घेर, हंसळीपासून हार जिथवर यायचा तिथवरची लांबी, दंडाचा घेर, बांगडीचं माप, अंगठीचं बोट, आणि कंबर. कंबर साडी नेसल्यावर मोजायची. निऱ्या आणि पदर मिळून सहज पाच-सात सेंटिमीटर वाढतात, आणि ड्रेसवर घेतलेल्या मापाचा कंबरपट्टा ऐन वेळी पुरत नाही. सासर-माहेर दोन गावांत असेल तर सून वापरते ती एक बांगडी मागवून घ्यावी. फोनवरून सांगितलेली मापं आणि प्रत्यक्ष हात यांचं फारसं जमत नाही.

आता हलवा, म्हणजे तिळावर पाकाचे थर चढवून केलेले साखरेचे काटेरी दाणे. यात सगळ्यात जास्त फसतं ते प्रमाण, आणि तेही तिळाचं. हौसेनं अर्धी वाटी तीळ घेऊन लोक बसतात. हजार तिळांचं वजन साधारण तीन ग्रॅम भरतं. अर्ध्या वाटीत पाऊणशे ग्रॅम तीळ, म्हणजे पंचवीस हजार दाणे. एकेक दाणा पाच-सहा मिलिमीटरचा व्हायचा तर त्यावर तिळाच्या तीस-चाळीस पट साखर चढावी लागते. अडीच किलो साखर दोन बोटांनी चढवणं कोणाच्याच्यानं होत नाही, म्हणून दाणे राईएवढे झाले की हात थांबतो आणि काटा येतच नाही. उलट बाजूनं हिशेब करा. सुनेच्या पूर्ण संचाला दीड ते दोन हजार दाणे लागतात. ते सहा ग्रॅम तिळांत, म्हणजे चहाच्या दोन चमच्यांत बसतात. तुटफूट, ठेचलेले, जुळे झालेले दाणे धरून चार चमचे तीळ घ्या आणि अर्धा किलो साखर. बस्स.

तीळ पॉलिश केलेले, पांढरे आणि एकसारखे हवेत. चाळून चुरा काढायचा, मंद आचेवर नुसते कोमट करायचे, तांबूस होऊ द्यायचे नाहीत. गाभा प्रत्येक दागिन्याला वेगळा लागतो. नथ आणि कुड्यांसाठी खसखस, सरींसाठी तीळ, ठसठशीत गोल मण्यासाठी बारीक साबुदाणा, फुलाच्या पाकळीसाठी टरबुजाचा मगज, पानासाठी बडीशेप, लोलकासाठी लवंग. हे सगळं एका परातीत एकत्र करू नये. मोठे दाणे पाक ओढून घेतात आणि खसखस त्यांनाच जाऊन चिकटते.

पाकाला अर्धा किलो साखर आणि पाव लिटर पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, वर येणारी मळी काढून टाकायची आणि पाक मलमलच्या फडक्यातून गाळायचा. गाळला नाही तर पांढरा रंग मिळत नाही. पाक एकतारीच्या किंचित अलीकडे थांबवावा. साखरेचा थर्मामीटर असेल तर १०४ अंशांच्या आसपास. बोटांत धरला तर चिकट लागतो, तार येते-न येते तोच तुटते. पातळ पाक आधीचे थर विरघळवत जातो. घट्ट पाक दाण्यावर पसरायच्या आधीच साखर होऊन परातीत भुगा पडतो. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली की पाक तासभर तसाच राहतो. नंतर कडेनं कण धरायला लागले की चमचाभर पाणी घालून पुन्हा एक उकळी द्यायची.

लिंबू पिळायचा मोह मात्र आवरावा. लिंबानं पाक आटत असताना साखरेचा काही भाग फुटतो, पाक कणी धरत नाही, आणि हवेतला ओलावा ओढणारी साखर तयार होते. वड्यांच्या पाकात कणी नको असते तिथे हे ठीक आहे. हलव्यात आपल्याला कणीच हवी आहे. शुद्ध साखरेचा कोरडा कण हवेत ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता होईपर्यंत तसा तग धरून असतो. लिंबू घातलेला हलवा त्याच्या कितीतरी आधी ओला व्हायला लागतो, आणि मुंबई-रत्नागिरीकडे जानेवारीतही तेवढं पुरतं.

परात जाड बुडाची हवी. कल्हईची पितळी असेल तर उत्तम. पूर्वी शेगडीत मूठभर निखारे ठेवून हे चालायचं. गॅसवर करायचं तर ज्योत सगळ्यात बारीक, वर लोखंडी तवा आणि त्यावर परात. आच बरोबर आहे का हे बोटांनी कळतं. बोटांची टोकं परातीला टेकवून पाच आकडे मोजता आले पाहिजेत. त्याआधी हात उचलावा लागला तर आच जास्त आहे. अशा आचेवर साखर पिवळी पडते आणि तळाशी धरते. मग दाणे पांढरे न राहता हस्तिदंती होतात. हा रंग नंतर कशानंही जात नाही.

चार चमचे तिळांना पहिल्यांदा पाव चमचाच पाक. पाची बोटांची टोकं एकत्र आणून दाणे हलके फिरवायचे, तळवा लावायचा नाही. पाक घातल्याबरोबर दाणे मुके होतात, एकमेकांना धरून चालतात. दोन-तीन मिनिटांनी ते सुटे होतात आणि परातीवर सळसळायला लागतात. तो आवाज आला की पुढचा पाक. घाई करून आधीच घातला तर जुळी-तिळी होतात आणि ती सोडवताना चढलेला थर निघून येतो. दाणे वाढतील तसा पाव चमच्यावरून अर्धा, मग पूर्ण चमचा. अर्धा किलो साखरेचा पाक शंभरावर चमचे भरतो, आणि चमच्याला तीन-चार मिनिटं लागतात. म्हणून हे काम तीन दिवस, रोज दोन-अडीच तास असं वाटून घ्यावं. एका बैठकीत उरकायला गेलं की शेवटच्या तासात बोटं जड होतात आणि आलेला काटा आपणच मोडतो.

काटा येतो कसा? ओले दाणे एकमेकांना टेकतात, दूर होताना मधला पाक ओढला जाऊन त्याचं टोक निघतं आणि कोमट परातीवर ते जागीच वाळतं. एकदा उंचवटा झाला की पुढच्या वेळी पाकाला पहिला तोच टेकतो, म्हणून पुढचा थरही त्याच्यावर बसतो. उंच ते आणखी उंच होतं. जपानातला कोनपेइतो नावाचा काटेरी साखरदाणा याच न्यायानं तिरप्या, फिरत्या कढईत होतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो तिकडे गेला. आपल्याकडे कढईऐवजी बोटं फिरतात एवढाच फरक. पहिल्या दिवशी काटा दिसत नाही, दाणा नुसता गुबगुबीत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खरखर जाणवते. तिसऱ्या दिवशी काटा उभा राहतो. पहिल्या दिवशीच निराश होऊन पाक घट्ट करणारे बरेच असतात, आणि त्यांचा हलवा गुळगुळीत गोळ्यांसारखा होतो.

दर दहा-बारा चमच्यांनी दाणे चाळणीत काढून परात ओल्या फडक्यानं पुसून, कोरडी करून घ्यायची. तळाला पडलेली साखरेची पिठी काढली नाही तर ती काट्यांच्या मधल्या खाचा भरते आणि दाणा मळकट, बोथट दिसतो. रंग हवा असेल तर शेवटच्या चार-पाच चमच्यांतच, केशराचं पाणी किंवा खाण्याचा रंग थेंबभर. तरी आमचं मत पांढऱ्याच्याच बाजूनं. गुलाबी-हिरवा हलवा वाटीत छान दिसतो, अंगावर तो प्लॅस्टिकच्या मण्यांसारखा वाटतो. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसायची ती थंडीत ऊब देणारा रंग म्हणून, आणि पांढऱ्या काट्याचा उठाव त्या काळ्यावरच आहे.

झालेला हलवा रात्रभर कागदावर पसरून ठेवावा आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. घरी करणं शक्य नसेल तर विकत आणायला हरकत नाही, फक्त विकत घेताना मूठभर हातात घेऊन पाहावा. तळहाताला पांढरी पूड लागली तर काटे वाहतुकीत झिजलेले आहेत. परदेशात काही जण केकवर घालायच्या रंगीत गोळ्या वापरतात. त्या गुळगुळीत असल्यानं त्यांना ना दोरा धरतो ना गोंद.

कारण काटा केवळ शोभेचा नाही, दागिन्याचं सगळं बांधकाम त्याच्यावर उभं असतं. हलव्याला सुईनं भोक पाडता येत नाही, साखर तडकते. म्हणून जुन्या पद्धतीत दाणा ओवत नाहीत, बांधतात. शिवणाचा पांढरा सुती दोरा दुहेरी करून एक टोक पाटावरच्या खिळ्याला अडकवायचं. सरकगाठीचा छोटा फास करायचा, त्यात दाणा ठेवायचा आणि फास ओढायचा. दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतो. लगेच त्याच्या आडव्या दिशेनं दुसरा अर्धा वेढा द्यायचा, नाहीतर दाणा फिरून निसटतो. मग पुढचा दाणा, पहिल्याला खेटून. फास ओढताना करकर आवाज आला तर थांबावं, काटा कापला जातोय. नायलॉन दोरा इथे चालत नाही, तो घसरतो. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या एका सरीत पंचाहत्तर ते ऐंशी दाणे बसतात, आणि दोरा त्या लांबीच्या पाच-सहा पट तरी हाताशी ठेवावा. मध्येच दोरा संपला तर जोडगाठ पुढे दिसते.

दुसरी रीत गोंदाची. पुठ्ठ्यावर फेविकॉल लावून दाणे बसवतात. काम पटकन होतं आणि नक्षी भरता येते, पण गोंदात पाणी असतं हे विसरायचं नाही. जाड थरात दाणा ठेवला की त्याचं बूड विरघळतं, दाणा खचतो आणि वाळल्यावर त्याच्याभोवती चकचकीत पिवळसर कडी दिसते. पातळ थर लावून दोन-तीन मिनिटं थांबावं, गोंद बोटाला चिकटेल पण ओघळणार नाही असा झाला की चिमट्यानं दाणा ठेवून हलकं दाबावं. त्याआधी कोरड्या रंगाच्या ब्रशनं दाण्यावरची पूड झटकायची, नाहीतर गोंद पुडीला चिकटतो आणि दाणा मोकळाच राहतो. तुकडा चोवीस तास आडवा ठेवायचा. गरम गोंदाच्या बंदुकीनं वेळ वाचतो, पण गार झालेला गोंद साखरेवरून टोपीसारखा सुटून येतो, तोही बहुधा औक्षणाच्या वेळी.

एक नियम घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवावा: गोंदाचे दागिने खायचे नाहीत. कार्यक्रम संपला की हार तोडून हलवा वाटायची रीत दोऱ्याच्या दागिन्यांची. गोंदाच्या दागिन्यांना ती लावू नये. खाण्यासाठी वेगळा हलवा वाटीत ठेवावा.

सुनेच्या संचात सगळ्यात अवघड चिंचपेटी. गळ्याला घट्ट बसणारा दागिना, आणि पुठ्ठ्याची अखंड पट्टी वाकवली की बाहेरच्या बाजूचे दाणे टपटप उडतात. म्हणून पट्टी करायचीच नाही. जाड कार्डपेपरचे पावणेदोन सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर उंच असे तुकडे कापायचे, त्यांना काळी मखमल किंवा सोनेरी कागद लावायचा, आणि प्रत्येकावर दाण्यांच्या दोन उभ्या ओळी बसवायच्या. मग मागून वर-खाली दोन दोरे चालवून तुकडे ओळीनं जोडायचे, दोन तुकड्यांत दोन मिलिमीटर फट ठेवून. ३३ सेंटिमीटरच्या गळ्याला असे चौदा-पंधरा तुकडे पुरतात. उरलेली जागा मागच्या गोंड्याच्या दोरीची. मागच्या बाजूला साटिनची फीत चिकटवावी. पुठ्ठ्याची कड मानेला कापते आणि घामानं पुठ्ठा मऊ पडतो.

तन्मणी सोपा. तीन सरी, प्रत्येक आतल्या सरीहून दीड सेंटिमीटर लांब, मध्ये मगजाच्या पाकळ्यांचं खोड, म्हणजे मधलं पदक. सरी सारख्या लांबीच्या केल्या तर त्या एकमेकींवर चढतात आणि तीन आहेत हे कळतच नाही. मंगळसूत्रात काळे मणी खरेच घ्यावेत. पाच काळ्या मण्यांमागे एक हलवा असा क्रम धरला की साठ सेंटिमीटरची पोत हलकी राहते. वाट्या पुठ्ठ्याच्या करून चपट्या दिसतात. त्यापेक्षा अर्धगोल मोठी बटणं उलटी धरून त्यांच्यावर खसखशीचा बारीक हलवा लावला तर खऱ्या वाटीचा फुगीरपणा येतो.

बांगड्यांचं मागायला गेलं तर दुकानात 'दोन चार', 'दोन सहा' अशी मापं सांगतात. दोन चार म्हणजे सव्वादोन इंच, आतला व्यास ५७ मिलिमीटर. दोन सहा म्हणजे ६० आणि दोन आठ म्हणजे अडीच इंच, साडेत्रेसष्ट. साध्या प्लॅस्टिकच्या बांगडीला फीत गुंडाळून तिच्यावर सर बसवायची असल्यानं आतला व्यास दोन-तीन मिलिमीटर घटतो. त्यामुळे दोन चार घालणाऱ्या हाताला दोन सहाची बांगडी घ्यावी. हलवा फक्त बाहेरच्या कडेला. आतल्या अंगाला एक दाणा जरी आला तरी हातातून चढवताना ओरखडा उठतो. दोन बांगड्या शेजारी आल्या की एकमेकींचे काटे मोडतात, म्हणून मध्ये साधी काळी काचेची बांगडी घालावी.

नथीला २६ गेजची तार आणि चाप. खसखशीचा हलवा दोऱ्यानं तारेला बांधत जायचा, मध्ये एक लाल मणी. तिचं वजन दोन ग्रॅमच्या वर गेलं तर चाप घसरतो. कुड्यांना सात दाण्यांचं फूल पुरे. बाजूबंद, बिंदी, वेणी यांचं तंत्र हेच, वेगळं काही सांगण्यासारखं नाही. कंबरपट्टा मात्र पूर्ण घेराचा करू नये. पुढचा आणि बाजूंचा भाग केला, मागे दोरी ठेवली, की सुनेला जमिनीवर बसता येतं. अखंड पट्टा बसताक्षणी दुमडतो.

बाळाचे दागिने हा वेगळाच कारभार. सहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सरासरी ४२-४३ सेंटिमीटर, वर्षाच्या बाळाचा ४५-४६. तरी टेप लावावीच, आणि कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा. मुकुटाचं बंद कडं करू नये. पुढचा २५ सेंटिमीटरचा भाग कडक आणि मागे रुंद, मऊ इलॅस्टिक. कड चार सेंटिमीटर उंच, मध्यभागी मोरपिसासाठी आठपर्यंत चढवायची. एवढा पुठ्ठा हलव्यानं गच्च भरला तर अडीचशे-तीनशे दाणे, म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम वजन, तेही सगळं कपाळावर. बाळ मान झटकतं आणि मुकुट उतरवतं. म्हणून कडेनं एक ओळ, मध्ये एक फूल, बाकी काळी मखमल मोकळी. दिसायलाही तेच बरं. मोकळी जागा ठेवायला हात धजत नाही ही घरगुती कारागिरीतली नेहमीची अडचण.

बासरीला कागदाची गुंडाळी, एक सेंटिमीटर जाड आणि वीस लांब. तिच्यावर सोनेरी कागद, मग दोऱ्यात बांधलेली सर तिरपी गुंडाळत न्यायची, वेढ्यांत अंगठ्याएवढी फट सोडून. गच्च गुंडाळली तर दीड मीटरहून जास्त सर लागते, फट सोडली तर चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरमध्ये भागतं. बासरी बाळ तोंडात घालणार हे नक्की, त्यामुळे निम्मा भाग हलव्याविना ठेवावा आणि तो मोठ्यांनी धरावा. हलव्याचा सुटा दाणा टणक आणि लहान असतो, बाळाच्या घशात अडकू शकतो. हीच गोष्ट बोरांची, शेंगदाण्यांची, हरभऱ्यांची. बोरन्हाण घालताना डोक्यावरून चुरमुरे जास्त आणि बोरं-उसाचे करवे मोजके घ्यावेत, आणि खाली पडलेलं वेचणाऱ्या मुलांबरोबर बाळाला सोडू नये. गळ्यातल्या हाराला पक्की गाठ नको. ओढला की सुटेल असा बंद मागे लावावा. मनगट्या आणि पैंजणांना आतून फेल्टची पट्टी, बाहेर पाच-सहा दाणे.

घालण्याचा क्रमही ठरलेला असू द्या: आधी झबल्यावर कंबरपट्टा, मग हार, मग बाजूबंद-मनगट्या, मुकुट शेवटी. मुकुट चढल्याबरोबर फोटो. औक्षण त्यानंतर आणि बोरं सगळ्यात शेवटी. उलट केलं तर फोटोत बाळ दागिन्यांशिवाय, रडवेलं आणि चुरमुऱ्यांत बसलेलं येतं.

जावयाचं काम थोडक्यात आटपतं. हार, अंगठी, नारळ, हातात गुलाब. नारळासाठी थर्माकोलचा दहा सेंटिमीटरचा चेंडू पूर्ण झाकायचा तर नऊशे दाणे लागतात, म्हणजे जवळजवळ अर्ध्या संचाएवढे. लहान चेंडू घ्यावा आणि तीन उभ्या धारांपुरताच हलवा लावावा. हल्ली जावयासाठी हलव्याचा मोबाइल आणि लॅपटॉपही करतात. हौस आहे, कोणी करू नये असं नाही, पण चौकोनी पुठ्ठ्यावर दाणे चिकटवण्यात गुंफणीचं काही कसब लागत नाही. डॉक्टर जावयाला हलव्याचा स्टेथोस्कोप केला तर ती गोष्ट निराळी, त्याची नळी दोऱ्यात बांधावी लागते.

नावं घालायची असतील तर देवनागरीची शिरोरेषा फार उपयोगी पडते. आधी शिरोरेषा, दाण्यांची दुहेरी ओळ, आणि तिच्याखाली अक्षरं टांगायची. अक्षर चार सेंटिमीटरहून कमी उंचीचं केलं तर गाठी आणि वळणं भरून जातात आणि 'र' व 'स' सारखेच दिसतात. जोडाक्षरांना एक इंच जास्त जागा. अनुस्वार म्हणजे नेमका एक दाणा, आणि पहिला पडतो तो तोच. म्हणून अनुस्वाराला साबुदाण्याचा मोठा हलवा घेऊन, त्याच्याखालच्या पुठ्ठ्याला भोक पाडून, तो दोऱ्यानं मागून बांधावा. नाहीतर मुकुटावरची चिंगी संध्याकाळपर्यंत चिगी होते.

झालेले दागिने ठेवायचे ते स्टीलच्या चपट्या डब्यात, टिश्यू कागदाच्या थरांत, कोपऱ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. फ्रिजमध्ये कधीही नाही. बाहेर काढल्याबरोबर गार साखरेवर दव धरतं आणि अर्ध्या तासात सगळे काटे बसतात. मुंग्यांसाठी डांबरगोळ्या टाकणारे आहेत. त्या विषारी आहेत आणि त्यांचा वास साखरेला लागतो, डबा घट्ट असला की पुरे. स्वयंपाकघरात डबा उघडू नये, कुकरची वाफही पुरते. प्रवासात डबा आडवा न्यायचा, हार पुठ्ठ्याला चार ठिकाणी टाका घालून बसवलेला.

अत्तर आणि सेंट दागिने चढवण्याच्या आधी लावावं. दागिना शक्यतो कापडावर येऊ द्यावा, उघड्या त्वचेवर घामानं तो तासाभरात चिकट होतो. कार्यक्रमाच्या दिवशी हाताशी एक छोटी पेटी असावी: सुई, पांढरा दोरा, दोन चाप, चिमटा आणि शंभरेक सुटे दाणे. सर तुटते ती बहुतेक वेळा मागच्या बंदाशी, कारण तिथला दाणा मानेला घासतो. तेव्हा तिथे शेवटचे दोन सेंटिमीटर दाणे न घेता नुसता पीळ घातलेला दोरा ठेवला, तर पेटी उघडायची वेळ सहसा येत नाही.